टाळू, हनुवटी आणि दहावीचा धडा

नाकाखाली, वरच्या ओठाच्या मधोमध जी उभी खोबण आहे तिच्यावर बोट ठेवून पाहा. मग जिभेचं टोक टाळूला लावा आणि दातांकडून घशाकडे न्या. बरोबर मध्यावर एक बारीक उंचवटा लागतो, कापडाच्या शिवणीसारखा. आईच्या पोटात आपल्याला जेमतेम दोन महिने होत होते तेव्हा आपला चेहरा सुट्या सुट्या भागांचा होता. कपाळाकडून एक भाग खाली उतरत होता, दोन्ही गालांकडून एकेक भाग मध्याकडे सरकत होता, खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी भेटत होते. ते सगळे जुळले, त्याची ही खूण आपण जन्मभर तोंडावर आणि तोंडात बाळगतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उत्क्रांतीचा धडा सुरू करायच्या आधी दरवर्षी मी वर्गाला हे करायला सांगते. पहिली दोन मिनिटं खिदळणं चालतं, पन्नास जिभा एकदम फिरायला लागतात. मग एकेकाला ती रेघ सापडते आणि वर्ग हळूहळू गप्प होतो. आपण कसे घडलो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच तोंडात सापडणं वेगळं.

हा धडा दहावीतच राहिला पाहिजे आणि तो चेहऱ्यापासून शिकवला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्याची कारणं मांडायची म्हणून हा लेख.

जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणीही सांगितलेलं नाही, आणि म्हणून अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्याचा प्रतिवाद केला. त्याच खात्याचे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं. विषय मिटला असं वाटलं होतं. पण पुढे करोनाच्या काळात मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून, देशपातळीवरची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि धड्याच्या नावात फक्त आनुवंशिकता उरली. शाळा पूर्ववत भरू लागल्या तरी तो भाग परत आला नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं. त्यावर उत्तर मिळालं की हा भाग बारावीला आहेच.

आपल्या राज्य मंडळाने मात्र हा धडा ठेवला आहे. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा आहे, आणि याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच त्या धड्यात काय हवं आणि काय नको यावर आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे.

‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?’ हा प्रश्न एकट्या मंत्र्यांचा नाही. वर्गातली मुलं तो विचारतात, त्यांचे पालक विचारतात. त्यात त्यांचा दोष फार थोडा आहे. आपल्या डोळ्यांसमोर असतात ती लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं. दोघांनाही लांब शेपटी. बिनशेपटीच्या मोठ्या नातलगांसाठी, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यासाठी, आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. पुस्तकात ‘एप’ किंवा ‘कपी’ असं लिहिलेलं असतं, पण मुलाच्या डोक्यात देवळाच्या शिखरावर बसलेलं वानरच उभं राहतं. भारतात एप म्हणावा असा प्राणी एकच, ईशान्येकडचा हुलॉक गिबन, आणि तो पाहायला आसामच्या जंगलात जावं लागतं. तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. आपण आणि चिंपांझी ही एका पूर्वजाची लेकरं आहोत, आणि त्या घराच्या वाटण्या साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाल्या. लाल तोंडाचं माकड हे त्याच्याही कितीतरी आधी वेगळं झालेलं चुलतघराणं. आपली भाषा एका बाबतीत पुस्तकांच्या पुढे गेली आहे, पाठीच्या कण्याच्या टोकाला असलेल्या हाडाला आपण माकडहाड म्हणतो. आणि ज्या गावच्या वेशीवर मारुतीचं देऊळ आहे त्या गावाला वानराशी नातं सांगायचा संकोच वाटावा याचं मला नेहमीच नवल वाटतं.

आता चेहरा. चिंपांझीच्या पिलाचा बाजूने काढलेला फोटो मी वर्गात दाखवते. गोल डोकं, सरळ कपाळ, छोटासा जबडा, मोठाले डोळे. मुलं हसतात, कारण कुणाच्या ना कुणाच्या घरातलं बाळ त्यांना आठवतं. मग त्याच जातीच्या वयात आलेल्या नराचा फोटो. डोळ्यांवर हाडाची जाड वळकटी, जबडा पुढे आलेला, कपाळ जवळजवळ नाहीच. हे एकाच प्राण्याच्या आयुष्यातले दोन टप्पे आहेत हे पटायला वेळ लागतो.

काय होतं मध्ये? मेंदू लवकर वाढतो आणि थांबतो, दात आणि जबडा मात्र वाढतच राहतात. दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो तो खालचा जबडा वर ओढतो. आपल्यात तो डोक्याच्या बाजूवर पंख्यासारखा पसरून संपतो. वयात आलेल्या नर गोरिलात तो इतका मोठा होतो की कवटीवर त्याला जागा पुरत नाही, म्हणून डोक्याच्या मध्यावर हाडाचा उभा कणा तयार होतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला धरून बसतात. गोरिलाच्या पिलाच्या डोक्यावर हा कणा नसतो.

माणसात वेळापत्रक वेगळं आहे. आपलं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठेपणीच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. पुढची वाढ बाहेर, आईच्या मांडीवर होते, आणि त्यासाठी कवटीची हाडं एकमेकांपासून सुटी राहावी लागतात. आजी ज्या मऊ जागेवर तेल जिरवते, जिथे नाडी उडताना दिसते, ती टाळू भरायला साधारण दीड-दोन वर्षं जातात. चिंपांझीच्या पिलाची टाळू त्यामानाने फार लवकर भरते. घराघरातली म्हातारी माणसं ‘टाळू भरली का गं?’ असं विचारतात तेव्हा ती माणसाच्या जातीच्या सर्वांत खास वैशिष्ट्याबद्दल विचारत असतात. मोठेपणी चिंपांझीच्या मेंदूचं आकारमान सुमारे ४०० घनसेंटिमीटर भरतं, आपलं सुमारे १३५०.

चेहऱ्याचंही तसंच. हाड वाढतं म्हणजे नुसतं लिंपलं जात नाही. एकीकडे हाड घालणाऱ्या पेशी असतात, दुसरीकडे हाड काढून टाकणाऱ्या. गवंडी आणि पाथरवट एकाच भिंतीवर काम करत असावेत तसं. आपल्या वरच्या जबड्याच्या पुढच्या बाजूवर, वाढीच्या वयात, पाथरवटाचं काम जास्त चालतं. म्हणून चेहरा पुढे न येता कपाळाखाली आत राहतो. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या मुलांच्या हाडांवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याच जागी गवंड्याचं काम जास्त दिसतं, आणि त्यांचा चेहरा मोठेपणी पुढे आलेला असतो. चिंपांझी आणि माणूस यांच्या चेहऱ्याच्या पेशींची तुलना अमेरिकेत स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेने २०१५मध्ये प्रसिद्ध केली. गर्भाच्या पाठीकडून निघून पुढे चालत येणाऱ्या आणि चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या या पेशींत जनुकं बहुतेक तीच होती. कुठलं जनुक कधी आणि किती जोराने चालू व्हायचं, याची बटणं वेगळी होती.

‘कुणी पाहिलं?’ या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. एका पिलाची वाढ म्हणजे उत्क्रांती नव्हे, हे मी मुलांना ठासून सांगते. पण उत्क्रांती ज्यावर काम करते ती गोष्ट ही वाढच आहे. गोल डोक्याच्या पिलापासून वळकटीच्या भुवयांचा नर होताना आपण पाहू शकतो. त्या वाढीचं घड्याळ एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या थोडं मागे किंवा थोडं पुढे सरकत गेलं तर काय होईल, हा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समजतो. त्याचा स्वतःचा आवाज फुटत असतो, ओठावर मिसरूड येत असतं. वाढीचं वेळापत्रक म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नसतं.

या बाबतीत मला एक गोष्ट दरवर्षी सांगाविशी वाटते. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग नावाच्या ठिकाणी चुनखडीच्या खाणीत एक लहानशी कवटी मिळाली. जोहान्सबर्गच्या विद्यापीठात शरीररचना शिकवणाऱ्या रेमंड डार्ट यांच्याकडे ती दगडात रुतलेल्या अवस्थेत आली. बायकोच्या विणायच्या सुया घासून टोकदार करून त्यांनी आठवडेच्या आठवडे तो दगड टोकरला. आतून एका मुलाचा चेहरा बाहेर आला. सगळे दुधाचे दात जागेवर, आणि पहिली पक्की दाढ नुकतीच वर येत असलेली. मेंदू एपएवढा लहान, पण सुळे लहान, आणि मणका कवटीला जिथून भेटतो ते भोक मागे नसून खाली सरकलेलं, म्हणजे हे मूल दोन पायांवर चालत असणार. फेब्रुवारी १९२५मध्ये डार्ट यांनी जाहीर केलं की हा माणसाच्या वंशावळीतला प्राणी आहे, आणि त्याला ऑस्ट्रेलोपिथेकस हे नाव दिलं.

लंडनच्या पंडितांनी ते मानलं नाही. त्यांचा आक्षेप मुळीच पोरकट नव्हता: एपची पिलं माणसासारखी दिसतातच, हे पिलू मोठं होऊन साधा एप झालं असतं. मघाशी वर्गात दाखवलेल्या फोटोचंच हे म्हणणं. पण त्याच पंडितांच्या कपाटात तेव्हा पिल्टडाउनची कवटी होती, १९१२मध्ये इंग्लंडात सापडलेली म्हणून गाजलेली, मोठ्या मेंदूची आणि एपच्या जबड्याची. माणूस आधी बुद्धीने मोठा झाला आणि तोही इंग्लंडात, ही गोष्ट त्यांना हवीहवीशी होती. आफ्रिकेतलं लहान मेंदूचं, दोन पायांवर चालणारं मूल त्यात बसत नव्हतं. १९४७मध्ये जीवाश्म शोधणारे रॉबर्ट ब्रूम यांना दक्षिण आफ्रिकेतल्याच स्टर्कफोंटेनच्या गुहेत त्याच जातीची वयात आलेली कवटी मिळाली. मोठी झाल्यावरही ती एपसारखी झालेली नव्हती. डार्ट यांचे सर्वांत मोठे विरोधक सर आर्थर कीथ यांनी त्याच वर्षी छापून कबूल केलं की डार्ट बरोबर होते आणि आपण चुकलो. पिल्टडाउन ही माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र करून केलेली फसवणूक होती हे १९५३मध्ये उघड झालं.

मुलांना मी सांगते की यातलं प्रत्येक पाऊल वाढीशी जोडलेलं आहे. आक्षेप वाढीवरून, उत्तर वाढीवरून. इतकंच काय, टाउंगच्या मुलाचं वय आधी सहा वर्षं धरलं होतं, ते माणसाच्या दातांच्या हिशेबाने. दातांची वाढ एपच्या वेगाने होत होती हे कळल्यावर वय तीन-चार वर्षांवर आलं.

असाच एक धडा आपल्या पुस्तकाला अजून घ्यायचा आहे. दहावीच्या धड्यात मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून रामापिथेकसचं नाव येतं. हे नाव १९३४चं. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर भागात, शिवालिकच्या डोंगरात, येल विद्यापीठाच्या एका तरुण संशोधकाला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला आणि त्याने त्याला रामाचं नाव दिलं. तुकडा एका बाजूचा होता. त्याला मध्य नव्हता. उरलेली कमान प्रत्येकाने मनाने पुरी केली, आणि ती माणसाच्या दंतपंक्तीसारखी गोलाकार असणार असं १९६०च्या दशकात नामवंतांनी मानलं. आफ्रिकेतले काही जबडेही त्याच नावाखाली आले. मग १९८०च्या सुमारास पाकिस्तानातल्या पोतवारच्या पठारावर याच घराण्याचा, सिवापिथेकसचा, जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला. डोळ्यांच्या खोबणी उंच आणि एकमेकींच्या जवळ, चेहरा बशीसारखा आत वळलेला. हुबेहूब ओरांगउटानची ठेवण. रामापिथेकस माणसाच्या वंशावळीतून निघाला आणि सिवापिथेकसमध्ये विलीन झाला. या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली.

पुस्तकातलं ते वाक्य काढून टाका एवढंच मी म्हणत नाही. ते वाक्य बदलून ही सगळी हकिगत तिथे द्या. एका तुकड्यावरून काय मानलं, पूर्ण चेहरा मिळाल्यावर काय सोडून द्यावं लागलं, हे मुलांनी शिकावं. विज्ञान चूक कशी सुधारतं हे शिकवायला आपल्याच उपखंडातलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रांगेत चालत चालत ताठ होत जाणाऱ्या माणसांचं ते प्रसिद्ध चित्रही जावं. टी-शर्टवर, जाहिरातीत, शाळेच्या भिंतीवर सगळीकडे असतं. त्यातून मुलाला वाटतं की निसर्गाने एक शिडी लावली आणि आपण वर पोहोचलो, बाकीचे खालच्या पायऱ्यांवर राहिले. मोरोक्कोत जबेल इरहूद इथे मिळालेल्या सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या माणसांचा चेहरा बराचसा आपल्यासारखा आहे, पण डोकं मागे लांबोळकं, जुन्या घडणीचं. चेहरा आधी आला, आजचं गोल डोकं नंतर. निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढा किंवा थोडा मोठाच होता. आणि ज्या हनुवटीवर बोट टेकवून आपण विचार करतो ती आपल्याशिवाय कुणालाच नाही, ना एपला ना निअँडरथलला. ती का आली यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. जबडा मागे सरला तेव्हा सहज उरलेला तो कोपरा असावा असं पुष्कळांना वाटतं. सरता सरता त्या जबड्याने अक्कलदाढेची जागाही खाल्ली, हे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको. यात शिडी कुठेच नाही.

शिडीचा मला इतका तिटकारा का, ते सांगते. डच शरीरशास्त्रज्ञ लुई बोल्क यांनी १९२६मध्ये मांडलं की माणूस म्हणजे बालपण न संपलेला एप. त्या म्हणण्यात खरं किती आणि अपुरं किती हा अभ्यासाचा भाग झाला. पण त्यांनी लगेच मानववंशांची उतरंड लावली आणि गोऱ्यांना सर्वांत वर बसवलं. कवट्या मोजणाऱ्यांचा हा जुना रोग. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी भागिले उंची असा नासिकांक काढून जातींची यादी लावली, आणि जात जितकी वरची तितकं नाक निमुळतं असा नियमच सांगितला. पुढे हेच रिस्ले १९०१च्या जनगणनेचे आयुक्त होते.

ही कल्पना आपल्या घरात सहज मुरली, कारण जमीन तयार होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ही म्हण आपलीच, आणि वधू पाहिजे म्हणताना ‘नाकीडोळी नीटस’ आपणच लिहितो. बाळाला न्हाऊ घालताना नाक चिमटीत धरून वर काढायचं, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी द्यायची. प्रेमापोटी करतात हे मला माहीत आहे, माझ्या आईनेही केलं. पण नाक श्वास घेण्यासाठी असतं. आत येणारी हवा फुप्फुसापर्यंत जाण्याआधी ऊन आणि ओलसर करणं हे त्याचं काम, आणि थंड-कोरड्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत अरुंद, उष्ण-दमट हवेत राहिलेल्यांत रुंद नाकपुड्या अधिक आढळतात. त्यात कुणाची पायरी ठरत नाही.

हे सांगताना मला मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांची आठवण होते. पुण्याहून त्या १९२८मध्ये बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, मानववंश आणि सुप्रजननाच्या अभ्यासासाठी नुकत्याच निघालेल्या कायझर विल्हेल्म संस्थेत डॉक्टरेटसाठी काम करू लागल्या. फिशर यांचा कयास होता की युरोपीय गोऱ्यांची कवटी दोन बाजूंना असमान असते, त्यांच्या बुद्धीमुळे. विशीतल्या इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. समोर बसलेल्या मार्गदर्शकाचं म्हणणं मोडून काढणारा निष्कर्ष, परक्या देशात, परक्या भाषेत. पुढे ऑशविट्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले ज्या संस्थेकडे नमुने पाठवत होता ती हीच संस्था. नंतर इरावतीबाईंनी डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापं वर्षानुवर्षं केली. ती पद्धत आज मागे पडली आहे, हेही खरं. पण एकाच नावाखाली वावरणाऱ्या जाती एका मुळाच्या नाहीत हे त्यांनी त्या मापांवरूनच दाखवलं. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी दिलेले नासिकांक हातात घेऊन म्हटलं की ही मापं मानायचीच तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

आपल्या मुलांना रिस्ले यांचा नियम कुणी शिकवलेला नाही, तरी तो त्यांच्या तोंडी असतो. अमक्याचं तोंड अमक्या जातीचं, तमकी दिसतेच तशी. मुळात चेहरा कसा घडतो हे माहीत नसलं की ती रिकामी जागा अशा बोलण्याने भरते. धडा काढून घेतला तर कोरी पाटी उरत नाही, तिथे हेच उरतं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. नवी पुस्तकं लिहिली जातील तेव्हा उत्क्रांतीच्या धड्याची सुरुवात गर्भातल्या चेहऱ्यापासून करा. रामापिथेकसची हकिगत दुरुस्त करून द्या. रांगेचं चित्र काढून फांद्यांचं झाड काढा. शक्य तिथे, निदान तालुक्यातल्या एका शाळेत, कवट्यांचे प्लास्टरचे साचे असू द्या: चिंपांझीचं पिलू, मोठा चिंपांझी, टाउंगचं मूल, आजचा माणूस. जोडीला नर्मदेकाठची हथनोराची कवटीही असावी. १९८२मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मिळालेला, भारतातला मानवी कवटीचा सर्वांत जुना अवशेष. तिला फक्त वरचा भाग आहे, चेहरा नाही. मुलांनी ती हातात धरावी आणि चेहरा कसा असेल यावर वाद घालावा. दोन तास पुरतात. मुलं अर्ध्या तासात जे प्रश्न विचारतात ते मला बी.एस्सी.ला सुचले नव्हते.

आणि हे दहावीतच. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती असतात? माझ्या वर्गातली बरीचशी मुलं दहावीनंतर कॉमर्सला जातात, आयटीआयला जातात, काही शेतावर आणि दुकानात जातात, काही मुलींची लग्नं ठरतात. त्यांच्यासाठी हा शेवटचा वर्ग आहे जिथे कुणी त्यांना त्यांच्या शरीराबद्दल खरं सांगेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वरच्या ओठावर शस्त्रक्रियेचा व्रण, नाक किंचित एका बाजूला. ती कधी पहिल्या बाकावर बसली नाही. बोलताना रुमाल तोंडाशी असायचा. ओठाच्या खोबणीवर बोट ठेवा असं मी म्हणाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले, आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. पण पुढे काय सांगायचं ते सांगत गेले: हे भाग पाचव्या ते सातव्या आठवड्यात जवळ येतात, कधी एका बाजूचे जुळत नाहीत, जगात सगळीकडे साधारण दर सातशे बाळांत एकाचं असं होतं. घराण्यातली जनुकं, फॉलिक आम्लाची कमतरता, फिटवरची काही औषधं, तंबाखूचा धूर, अशी कारणं असू शकतात, आणि अनेकदा एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही.

तास संपल्यावर ती थांबली. तिने विचारलं, “बाई, सातव्या आठवड्यात म्हणजे दुसऱ्या महिन्यात ना?” मी हो म्हणाले. “म्हणजे आईला कळलंही नसेल तेव्हा?” नसेल, मी म्हणाले, किंवा नुकतंच कळलं असेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी म्हणते, आईने ग्रहण पाळलं नाही. विळी हातात घेतली. मी सातव्या महिन्यात होते तेव्हा ग्रहण होतं.”

सातव्या महिन्यात ओठ होऊन पाच महिने झालेले असतात. हे मी तिला सांगण्याआधीच तिने बोटांवर मोजलं होतं. पंधरा वर्षं तिच्या आईने ते ऐकून घेतलं होतं, प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यासमोर.

तिने वही उघडली आणि मला आठवडे पुन्हा सांगायला लावले. हनुवटी, मग ओठ, मग टाळू. एकेक ओळ सोडून, मोठ्या अक्षरात तिने ते लिहून घेतलं. आजीला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं, म्हणाली. पुढे ती कॉमर्सला गेली.